दोन वर्षांच्या मुलाची बाजू

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस



राज्यातल्या लाखाहून अधिक अंगणवाड्यांमध्ये दर महिन्याला वजनकाटा बाहेर निघतो. मूल काट्यावर बसतं, उंची मोजली जाते, आकडे पोषण ट्रॅकर ॲपमध्ये जातात आणि मूल सॅममध्ये (तीव्र कुपोषणात) गेलं, मॅममध्ये (मध्यम कुपोषणात) गेलं की दोन्हींतून सुटलं, हे आपल्या खात्याला मंत्रालयात बसून कळतं. मेळघाट आणि नंदुरबारच्या कुपोषणाच्या बातम्या वाचलेल्या महाराष्ट्रात या काट्याचं मोल कुणी कमी लेखणार नाही. पण त्याच रांगेत उभी असलेली आई सेविकेला वेगळंच काही विचारत असते. "ताई, हा सगळ्यांना चावतो हो." "ही प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणते." "दुकानापुढे आडवा पडतो, चारचौघांत लाज आणतो, काय करू?" या प्रश्नांसाठी रजिस्टरमध्ये रकाना नाही. सेविका स्वतः आई असेल तर घरच्या अनुभवातलं काहीतरी सांगते, नसेल तर "मोठा झाला की सुधारेल" म्हणून पुढच्या मुलाला काट्यावर घेते.

या प्रश्नांना नीट उत्तरं आहेत. जवळपास शंभर वर्षांच्या निरीक्षणातून ती आलेली आहेत. आईबापांपर्यंत ती पोचवू शकेल अशी यंत्रणाही आपल्याच खात्याकडे आहे. दोन्हींची गाठ पडत नाही, एवढीच तक्रार.

आधी त्या आडव्या पडणाऱ्या मुलाचं पाहू. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काही मुलांच्या आयांना रोजनिशी ठेवायला लावली: मूल कधी चिडलं, कशावरून, किती वेळ, घरच्यांनी काय केलं. चिडण्याचे १८०० हून अधिक प्रसंग जमले आणि १९३१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातून दिसलं ते असं, की या थयथयाटाचा कळस आयुष्याच्या दुसऱ्या वर्षात होतो आणि मग तो उतरत जातो. जेवणाच्या आधीच्या वेळात तो जास्त होतो. म्हणजे ज्याला आपण हट्ट म्हणतो त्यातला बराचसा भाग भुकेचा आणि झोपेचा असतो. लग्नाच्या हॉलमध्ये दुपारी दोन वाजता पंगतीची वाट पाहत भोकाड पसरणारं पोर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे पटायला मिनेसोटापर्यंत जायची गरज नाही.

पुढे २००३ मध्ये मायकेल पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रसंगांची मिनिटामिनिटाने चिरफाड केली. सुमारे तीन चतुर्थांश थयथयाट पाच मिनिटांच्या आत संपतात, असं त्यांना आढळलं. राग चटकन चढतो आणि चटकन उतरतो. दुःख मात्र आरंभापासून शेवटपर्यंत खाली वाहत असतं आणि राग ओसरला की तेच उरतं. मूल मग आईकडेच येतं, जिला दोन मिनिटांपूर्वी त्याने लाथा मारलेल्या असतात. नेमका तोच क्षण आपल्या घरांतून वाया जातो. "आता आलास होय? जा, मी नाही बोलत!" असं म्हणून आपण त्याला परत लोटतो आणि दुसरी फेरी सुरू होते.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला समजतं पुष्कळ, बोलता येतं थोडं. पोळी अख्खी हवी होती, आजीने प्रेमाने तिचे तुकडे केले. हे सांगायला लागणारं वाक्य त्याच्याकडे नाही. आणि आलेला राग आवरून धरण्याचं काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो, तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटते. पंचविशीतल्या बापाला जे जमत नाही, ते दोन वर्षांच्या लेकाला जमावं अशी अपेक्षा करत तो बाप ओरडत असतो.

मुद्दाम करतो, असा आरोप मात्र सर्रास होतो. आपल्याकडे बघत बघत पेला पालथा करणारं मूल पाहिलं की कुणालाही तसं वाटेल. यावर बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांचा १९९७ चा एक गमतीदार प्रयोग आहे. मुलांपुढे दोन वाडग्या ठेवल्या, एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. प्रयोग करणाऱ्या बाईने बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं आणि ब्रोकोली मिटक्या मारत खाल्ली. मग हात पुढे केला: मला थोडं दे. चौदा महिन्यांच्या मुलांनी तिला बिस्किटंच दिली, कारण त्यांना स्वतःला तीच आवडत होती. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. या चार महिन्यांत कुठेतरी मुलाला शोध लागतो, की आपल्याला हवं ते आणि समोरच्याला हवं ते वेगळं असू शकतं. एवढा मोठा शोध लागल्यावर तो तपासून पाहायला नको? आईला काय नको आहे, ते तिच्या तोंडाकडे बघत पुन्हा पुन्हा करून पाहणं, हीच ती तपासणी. वैताग खरा, पण त्यात दुष्टावा नाही.

खेळण्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्यांचंही असंच आहे. त्याच मिनेसोटात मिल्ड्रेड पार्टन यांनी बालवाडीतल्या मुलांचा खेळ पाहून १९३२ मध्ये मांडलं, की लहान मुलं आधी शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात आणि एकमेकांत मिसळून, कामं वाटून घेऊन खेळणं पुढे तीन-चार वर्षांच्या आसपास वाढीला लागतं. दोन वर्षांच्या मुलाच्या हातातला ट्रक काढून पाहुण्यांच्या मुलाला देणं आणि वर "शहाणं बाळ वाटून खेळतं" म्हणणं, यात शहाणपण शिकवलं जात नाही. मोठ्याने ओढलं की वस्तू त्याची होते, एवढंच मूल त्यातून शिकतं.

खोटं बोलण्याबद्दल घरात जेवढी घबराट उडते तेवढी कशानेच उडत नाही. चार वर्षांची मुलगी तोंडाला साखर लागलेली असताना "मी नाही खाल्ली" म्हणते आणि आजोबा तिच्या उभ्या आयुष्याची चिंता करू लागतात. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या संशोधकांनी मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधेल? चारच्या आतली मुलं सांगतात, दुसऱ्या कपाटात; कारण त्यांना ठाऊक आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असणार. हळूहळू कळतं, की मॅक्सीला ते माहीत नाही. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी माहिती असते, हे ज्याला उमगू लागलं त्यालाच खोटं बोलणं जमू लागतं. साखरेचं खोटं हे त्या उमजीचं पहिलं, कच्चं पीक आहे. त्यावर चटका द्यायची धमकी देणाऱ्या घराला हे कुणीतरी सांगायला हवं.

सांगतं कोण? कुणी सांगत नाही, म्हणून मार चालू राहतो. युनिसेफने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ४० कोटी मुलांना, म्हणजे दहातल्या सहा जणांना, घरी नेमाने मार किंवा मानसिक छळ सोसावा लागतो. आपल्याकडे मार नसला तर बागुलबुवा असतो, पोलीस असतो आणि "डॉक्टरकाका सुई टोचतील" असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कल्पनाशक्तीला पंख फुटतात, खरं आणि मनातलं यांची सीमा धूसर असते. नेमक्या त्या वयात आपण घाबरवण्यासाठी माणसं नेमतो. मग लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या दारातच पोर किंचाळतं आणि सिस्टर वैतागते. एका खात्याचं काम दुसऱ्याच्या अंगावर कसं येतं, त्याचा हा नमुना.

एवढ्यावर पत्र थांबलं तर ते अर्धवट राहील. कारण "लहान आहे, होईल हळूहळू" हा सल्लाही तितकाच महागात पडतो. "याचा बाप पण उशिराच बोलायला लागला होता" हे वाक्य मराठी घरांत कितीदा ऐकू येतं! वर्षाचं झालं तरी बाळ बडबडत नाही, बोट दाखवत नाही. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना स्वतःचे दोन शब्द जोडत नाही. हाक मारली तर वळत नाही. किंवा आलेले शब्द गमावतं. यातलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नसते. कान तपासायचे, डॉक्टरांना दाखवायचं. इथे गेलेले महिने परत मिळत नाहीत. पाचव्या वर्षी रात्री गादी ओली करणाऱ्या मुलाला लाज आणणारं घर दोन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाबद्दल निवांत असतं, अशी उलटी स्थिती आहे. काळजी नको तिथे शिक्षा आणि काळजी हवी तिथे धीर. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून निघतात: कुठल्या वयात काय स्वाभाविक असतं, हे आईबापांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

मोजपट्ट्यांची कमतरता म्हणाल, तर ती नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बेली यांच्या परदेशी चाचणीवरून भारतीय बाळांच्या विकासाची श्रेणी बांधली. १९७० मध्ये ती आली, १९९७ मध्ये सुधारली गेली; शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी तीत आहेत. देशभरातली बालविकास केंद्रं ती वापरतात. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने गावपातळीवरच्या कार्यकर्तीला झटपट वापरता यावा असा १७ बाबींचा तक्ता केला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून देशासाठी सुरू झाला आणि जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार यांच्या जोडीने विकासातली दिरंगाई शोधणं हे त्याचं लिखित काम आहे. जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी केंद्रं आहेत. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. आईला शंका आली पाहिजे, आणि ती बोलून दाखवायला तिला माणूस मिळालं पाहिजे.

इथे आपल्या खात्याने आरोग्य खात्यासोबत बसून एकदा वेळापत्रक पाहावं. जन्मापासून दीड-दोन वर्षांपर्यंत लसींच्या निमित्ताने मूल सारखं कुणाच्या ना कुणाच्या नजरेखालून जातं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर. त्यानंतरची लस थेट पाच-सहा वर्षांची. अंगणवाडीत पूर्वशालेय शिक्षणासाठी बसायचं वय तीन. मधल्या काळात घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं. पण थयथयाट, चावणं, भाषा, शी-शूची सवय, अंधाराची भीती हे सगळं ज्या वयात एकदम अंगावर येतं, त्याच वयात आईबापांशी निवांत बोलणारं कुणी नाही. एक धागा मात्र या सगळ्यातून जातो. 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस. पहिले दोन दीड वर्षाच्या आत होतात, उरलेले सात दर सहा महिन्यांनी पाचव्या वाढदिवसापर्यंत. या सात भेटी आजही ठरलेल्या आहेत, त्यांसाठी नवीन योजना काढावी लागत नाही. चमच्याने औषध पाजायला मिनिटभर लागतं. त्यापुढची दहा मिनिटं, त्या वयाच्या चार-पाच मुलांच्या आईबापांना एकत्र बसवून, एकाच विषयावर बोलायला वापरावीत अशी विनंती आहे. दोन वर्षांच्या डोसाला थयथयाट आणि बोलणं, अडीचला चावणं-ओरबाडणं, साडेतीनला भीती, चौथ्या वर्षी खोटं.

हातात द्यायला कागदही छापलेला आहे. एमसीपी कार्डात, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्डात, कोणत्या वयात मूल काय करू लागतं याची चित्रं आहेत, धोक्याच्या खुणाही आहेत. लसीकरणाचं पान हाताळून हाताळून फाटतं आणि विकासाचं पान कोरं करकरीत राहतं, कारण त्या पानावर बोट ठेवून कुणी बोलत नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' आराखडा दिला. त्याच्याही आधी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफच्या सोबतीने आपल्याच खात्यात 'आरंभ' उपक्रम उभा केला. त्यातले पालक मेळावे, मुलांशी खेळायला बसलेले बाप, घरच्या डबे-चमच्यांची खेळणी हे सगळं राज्याने पाहिलेलं आहे. ते मोहिमेसारखं येऊन जाऊ नये, रोजच्या कामात मुरावं.

महाराष्ट्राला हे नवीन वाटायचं कारण नाही. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करत होत्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि 'शिक्षणपत्रिका' घरातल्या मोठ्यांशी मुलांबद्दल बोलू लागली: मारू नका, भीती घालू नका, आधी मूल काय करतंय ते बघा. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी पाड्यावर, अंगणात गेली. मोठी बहीण शाळेत येत नाही कारण कडेवर भावंड आहे, हे पाहिल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका छपराखाली आणली. हा बदल परिपत्रकातून निघालेला नव्हता. बायाबापड्यांच्या दारात बसून घर समजून घेतल्यावर सुचलेला होता. आपल्या खात्याच्या दारावरची 'अंगणवाडी' ही पाटी त्याच अंगणांचा वारसा सांगते. पुढे पुण्यात शोभा भागवतांचं गरवारे बालभवन आणि १९८७ पासून 'पालकनीती' मासिक यांनी हा संवाद चालू ठेवला. पण ते वाचणारा वर्ग लहान. अंगणवाडीच्या दारात येणारी आई ते वाचत नाही.

शहरी, पगारदार घरांना यातलं सगळं माहीत असतं, असा गैरसमज करून घेऊ नये. त्यांची मुलं अंगणवाडीत येत नाहीत, गल्लीतल्या रंगीत फाटकाच्या नर्सरीत जातात. तिथे तीन वर्षांच्या मुलाला चार रेघी वहीत 'ए' गिरवायचा गृहपाठ मिळतो आणि बोटं दुखतात म्हणून रडलं तर "अभ्यासाचा कंटाळा" असा शेरा. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेची असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून घट्ट होत जातात; आठवं तर मूल प्राथमिक शाळेत बरंच पुढे गेल्यावर. माती, पाणी, मणी ओवणं, कणकेचे गोळे हा त्या हाताचा खरा अभ्यास. दुपारी आईबाप कामावर आणि मूल मोबाइलपुढे, हाही याच घरांचा प्रश्न. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते, दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते पाच वयात दिवसाला तासाभराहून जास्त नको. जेवताना मोबाइल लावल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या पिढीला हे सांगणाऱ्या नर्सरीचालकाला आधी स्वतःच्या वर्गातला टीव्ही बंद करावा लागेल. शाळापूर्व केंद्रांच्या प्रवेशांचा कायदा या राज्याने १९९६ मध्येच केला. आत बसलेल्या मुलांचं दिवसभर काय होतं, याकडे मात्र अजून कुणाची नजर नाही.

आता सेविकांचं. त्यांच्यावर आणखी एक काम टाकायला हे पत्र सुचवत आहे, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला त्यांचा संप पुढच्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत चालला, तो मानधनासाठी. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायलाही त्याच बसल्या. सर्वेक्षण, मतदार याद्या, मोबाइलवरचे रकाने, शिजवलेला आहार, गृहभेटी. जिला स्वतःच्या मुलाशी बोलायला फुरसत नाही, तिने दुसऱ्याच्या मुलाचा राग समजावून सांगावा, हे मागायला तोंड पाहिजे. म्हणून या दहा मिनिटांचा रकाना ट्रॅकरमध्ये नको, फोटो अपलोड नको, लक्ष्य तर नकोच. लक्ष्य आलं की संवाद संपतो आणि सह्या सुरू होतात. त्याऐवजी खात्याने त्यांच्याकडची दोन कामं काढून घ्यावीत आणि मोकळ्या झालेल्या वेळेत प्रशिक्षण द्यावं. ते देताना पुस्तकी व्याख्या पाठ करून घेऊ नयेत. सेविकांनी त्यांच्या गावातले प्रसंग आणावेत आणि त्यावर बालविकास जाणणाऱ्या माणसाने त्यांच्याशी बोलावं. पर्यवेक्षिकेनेही रजिस्टर तपासण्याऐवजी महिन्यातून एखादी अशी बैठक नुसती ऐकावी.

दोन गोष्टी आदेशात स्पष्ट लिहाव्यात. पालकसभेला आई येते आणि मुलाला मारतो बाप, किंवा लाडावतात आजी-आजोबा. त्यामुळे सातांपैकी निदान दोन बैठका संध्याकाळी किंवा बाजाराची सुट्टी पाहून ठेवाव्यात आणि निरोप बापाच्या नावाने जावा. आणि सांगण्याची भाषा गावाची असावी: मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, डहाणूत वारली, नंदुरबारात भिली, खानदेशात अहिराणी. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या कुटुंबांच्या बैठका साखर कारखान्याच्या तळावर घ्याव्या लागतील, कारण त्यांचे डोस गावच्या रजिस्टरवर राहून जातात आणि बैठकाही राहून जातील. सुरुवात एखाद्या जिल्ह्यातून करायची असेल तर पालघर आहेच. कोसबाड तिथे आहे आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकंही. वर्षभराने तिथल्या आयांनाच विचारावं, की थयथयाट झाला तेव्हा घरात काय घडलं. आणि ते उत्तर पुढच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या पानावर छापावं.